मनोहर इंगोले यांजकडून सप्रेम भेट

मी आयुष्यात एकच धंदा काढला. तो पहिल्याच दिवशी बुडाला, आणि आज तो उत्तम चालला आहे. ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, हे मलाही दिसतं. पण मी तरी काय करू? घडलंच तसं!

सुरुवात एका व्याख्यानानं झाली. अमरावतीला आमच्या मोहल्ल्यातल्या गणपतीत त्या वर्षी नागपूरच्या एका गृहस्थांना बोलावलं होतं. विषय होता, 'तरुणांनो, उद्योजक व्हा!' (गृहस्थ स्वतः सरकारी नोकरीतून पेन्शनवर निघालेले होते, हे मला फार उशिरा कळलं.) ते म्हणाले, ध्येय एवढं मोठं ठेवा, की ते सांगताना तुमची तुम्हालाच लाज वाटली पाहिजे. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. तिथल्या तिथे माझ्या अंगावर काटा आला आणि घरी पोचेपर्यंत माझं ध्येय तयार झालं.

त्या काळी लग्न निघालं, की स्वयंपाकाची भांडी गल्लीतून गोळा करायची पद्धत होती. याच्याकडचा गंज (म्हणजे मोठं पातेलं), त्याच्याकडची परात, तिसऱ्याचा पाण्याचा गुंड. प्रत्येक भांड्यावर मालकाचं नाव ठोकलेलं असायचं, तरीही लग्नानंतर महिनाभर गल्लीत भांडणं चालायची. आमच्या बायकोचा, म्हणजे कुसुमचा, एक पितळी गंज असाच शेजारच्या लग्नात गेला होता आणि त्या शेजारणीशी ती अजून बोलत नव्हती. मला वाटलं, इथंच धंदा आहे! लग्नाची सगळी भांडी एकाच दुकानात, भाड्यानं. आमच्याकडे याला बिछायत केंद्र म्हणतात. तेव्हा मात्र अमरावतीत असलं काही माझ्या तरी पाहण्यात नव्हतं.

"कुसुम," मी म्हणालो, "अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कुठंबी लग्न लागू दे, वरन माह्या नावाच्या गंजात शिजलं पाह्यजे! हे माहं ध्येय हाय."

"बरं," ती म्हणाली. "आन् गंज कोन घेऊन देऊन राह्यलं तुमाले?"

मी तिच्या हातांकडे पाहिलं. हातात माहेरच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. तिनंही आपल्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती नजर मला पुढं बरीच वर्षं पुरली.

"पाच वर्षांत पाटल्या दुप्पट वजनाच्या करून देतो," मी म्हणालो.

"दुप्पट नोको. ह्याच आना परत," ती म्हणाली, आणि साबणाचं पाणी लावून तिनं पाटल्या उतरवल्या. एवढं कुणी आपल्यावर विश्वास टाकला, की छातीत काहीतरी हलतं. माझ्याही हललं. पण त्याला मी उद्योजकाचा जोश समजलो.

पाटल्या मोडल्या आणि भांडी आणली. पंगतीच्या पंगती जेवतील एवढे मोठाले गंज, पराती, कोपरं, गुंड, वाढायच्या बादल्या. सगळी पितळेची, झळझळीत. सराफ्याजवळ दौलत कासार नावाचे एक म्हातारे बसायचे. छिन्नी-हातोडीनं भांड्यांवर नावं ठोकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी भांड्यांचा ढीग त्यांच्यापुढं उतरवला.

"प्रत्येक भांड्यावर माहं नाव टाका. मनोहर इंगोले, अमरावती. लांबून वाचता आलं पाह्यजे!" मी म्हणालो, आणि दुकानाची पाटी रंगवून घ्यायला निघून गेलो. (मोठा धंदा असला की मालकाला एका जागी बसून चालत नाही.)

संध्याकाळी परत आलो तर सगळी भांडी तयार होती. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक भांड्यावर लिहिलं होतं, 'श्री. मनोहर इंगोले, अमरावती, यांजकडून सप्रेम भेट.'

मी एक गंज पाहिला. दुसरा पाहिला. परात पाहिली. मग पहिला गंज पुन्हा पाहिला.

"कासारबाबा, हे सप्रेम भेट काय हाय?"

"इतले भांडे एकदम कोन घेते, भाऊ? लग्नात द्यालेच ना! तुमी सांगाचं इसरले, म्या ध्यानात ठेवलं. नवरीचं नाव मायीत नव्हतं म्हून नाई टाकलं. जास्तीचे पैसे बी नाई घेत, जा!"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की मी ठरलेले पैसे मोजून दिले. पितळेवर ठोकलेलं नाव पुसता येत नाही, पुसायला गेलं तर भांड्याला भोक पडतं. मी भांडी घरी आणली. कुसुमनं वाचलं आणि म्हणाली, "राहू द्या. स्वयंपाकाच्या गंजावरचं कोन वाचते?"

तिला वराचे मामा माहीत नव्हते.

पहिली मागणी आली तिवशाहून. गुलाबराव मास्तरांच्या मुलीचं, सुमनचं, लग्न होतं. मुलगा दर्यापूरकडच्या एका खेड्यातला, घरी कोरडवाहू शेती. मी स्वतः भांडी बैलबंडीत घालून तिवशाला गेलो. लग्न थाटात लागलं. वरण माझ्याच गंजात शिजलं. मी ते भक्तिभावानं चारदा वाढून घेतलं, त्यावर जिलेबी खाल्ली, आणि मंडपाच्या कोपऱ्यात जरा टेकलो. डोळा कधी लागला ते कळलं नाही. (उद्योजकानं सदैव जागं राहावं, असं व्याख्यानात सांगितलं होतं. पण व्याख्यात्यांनी तिवशाची जिलेबी खाल्ली नसावी.)

जागा झालो तेव्हा वऱ्हाड निघून गेलं होतं. मंडपात गुलाबराव मास्तर एकटेच उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मास्तर, भांडे?"

"गेले."

"घासाले?"

"दर्यापूरले."

मला काही केल्या अर्थ लागेना. मग मास्तरांनी सांगितलं. वराचे मामा सातवी पास होते, आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्यांना खोड होती. निघता निघता त्यांची नजर गंजाकडे गेली. त्यांनी खड्या आवाजात वाचलं, 'श्री. मनोहर इंगोले, अमरावती, यांजकडून सप्रेम भेट!' दुसरा गंज वाचला, परात वाचली. वरपक्ष हरखून गेला. असं आंदण त्यांच्या घरी कुणी पाहिलं नव्हतं! पोरांनी भराभर भांडी बंड्यांवर चढवली.

"आन् तुमी काई बोलले नाई?"

"काय बोलू जी?" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भर मंडपात सांगू, का हे भाड्याचे होत? पोरीनं उंबरठा ओलांडाच्या आधीच तिची मान खाली घालू? जन्मभर ऐकवतीन तिले."

ते खरंच होतं. लोक एकवेळ हुंड्याचं विसरतील, पण देऊन परत घेतलेलं भांडं विसरत नाहीत. मास्तरांनी हात जोडले. म्हणाले, मी हळूहळू भरपाई करून देतो. मी म्हणालो, भरपाई कशाला, मी स्वतः दर्यापूरला जाऊन मुलाच्या बापाशी समजुतीनं बोलतो आणि गुपचूप भांडी घेऊन येतो. वाटेत मोटारीत मी बोलायचं पाठ केलं. 'हे पहा, गैरसमज झालेला आहे...' तिथून पुढं तीन-चार वाक्यं चांगली जमली होती. मोटारीत शेजारी बसलेल्या माणसालाही ती पटली.

खेड्यात पोचलो. घर विचारलं. ओसरीवर वराचे मामाच बसले होते.

"कोन पाह्यजे जी?"

"मी मनोहर इंगोले. अमरावतीहून..."

मामा ताडकन उठले. "अरे बाप्पा! गंजावरचे इंगोले! अबे पुंडलिक, पाय धुवाले पानी आन! ज्यायनं आहेर केला थे सोता आले!"

घरातून माणसं धावत आली. शेजारचे आले. शेजारच्यांचे शेजारी आले. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. मी म्हणालो, "हे पहा, गैरसमज..." मामा म्हणाले, "गैरसमज कायचा? मानाचं हाय, घ्या!" जेवायला बसवलं. वरण आलं ते माझ्याच बादलीतून. वाढणाऱ्यानं बादली अशी धरली होती, की माझं नाव मलाच दिसत होतं.

हात धुवायला मागं गेलो तेव्हा नवी नवरी सुमन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती वाकून पाया पडली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काका, नोका सांगू जी." बस, एवढंच. अंगावरची हळद अजून फिटली नव्हती पोरीच्या. घरी माझी मंगला तेव्हा रांगत होती. मला एकदम मंगला दिसली, आणि पाठ केलेली सगळी वाक्यं मी विसरलो.

इथंच मी निघालो असतो, तर माझी अब्रू आणि धंद्याची कल्पना, दोन्ही शाबूत राहिल्या असत्या. पण बाहेर आलो तर पुंडलिक, म्हणजे नवरदेव, गंजाभोवती फिरत होता.

"काका, भांडे झ्याक हायेत. पन इतल्या मोठ्या गंजात घरच्यापुरतं वरन कसं शिजवाचं जी?"

डोक्यावर टोपी होती, खांद्यावर दुपट्टा होता, समोर अर्धं गाव बसलं होतं. कुणी मला कधी एवढ्या आदरानं काही विचारलं नव्हतं. मी घसा खाकरला.

"घरी कायले शिजवतं? गावोगाव लग्न होतेत. त्यायले दे. पन फुकट नोको देऊ, भाडं घे! याले म्हन्तेत बिछायत केंद्र. माणसानं ध्येय मोठं ठेवलं पाह्यजे, पुंडलिक!"

आणि मग मी नागपूरच्या गृहस्थांचं ते संपूर्ण व्याख्यान, त्यांच्या हातवाऱ्यांसह, त्या ओसरीवर दिलं. पुंडलिक आ वासून ऐकत होता. दिलं तर दिलं, वर गंज ताकानं कसा लखलखीत निघतो, हेही सांगितलं!

घरी आलो. कुसुम दारात उभी होती. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या.

"भांडे?"

"टोपी देल्ली," मी म्हणालो.

तिनं टोपीकडे पाहिलं, दुपट्ट्याकडे पाहिलं. नारळ मात्र हातातून काढून घेतला आणि संध्याकाळी त्याची चटणी केली. माझ्या धंद्याचं जे काही भांडवल परत आलं, ते एवढंच.

पुढं गुलाबराव मास्तर भरपाई घेऊन आले, तर मी काय म्हणावं? "राहू द्या मास्तर. सुमन आपली पोरगी हाय." हे माझ्याच तोंडून निघालं! दानशूर म्हणवून घ्यायची चटक लागली, की ती लवकर सुटत नाही. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. (घरात तेवढंच एक मोठं भांडं उरलं होतं.)

आणि मग लग्नपत्रिका येऊ लागल्या. तिवसा, दर्यापूर, रिद्धपूर, कुठून कुठून! मी ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते लोक मला 'आपली उपस्थिती आणि आपली नेहमीची भेट' आग्रहानं मागत होते. एक गृहस्थ तर दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "आमाले जास्त नोको, तिवशाले देल्ले तितलेच द्या." दुकानात तेव्हा फक्त मी आणि पाटी होतो. मी त्यांना चहा पाजला. मी दुकानदार आहे, दाता आहे, की कुणाचा देणेकरी आहे, हे मला कळेनासं झालं होतं. शेवटी मी पाटी उतरवली आणि कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकुनी धरली.

वर्षं गेली. मधल्या काळात आम्ही आमच्या खाटेवरून न हलता तीन राज्यांत राहिलो. आधी मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. त्यामुळं आपण नक्की कुठं आहोत याचा गोंधळ व्हायला मी एकटाच नव्हतो. मग जिनिंगवाल्यांनी माझी बदली अकोल्याला केली, आणि तिथं भलतंच सुरू झालं.

मी नाव सांगितलं, की लोक हसायचे. "इंगोले? थे गंजावाले?" भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली म्हणायची, "तुमच्या नावाच्या परातीत कनीक मळली जी म्या, बहिनीच्या लग्नात." मला वाटलं, अकोल्याच्या हवेत काहीतरी आहे. कुसुमला सांगितलं तर ती म्हणाली, "उन्हाळा हाय. डोक्यावर थे दर्यापूरची टोपी ठेवत जा."

मंगला लग्नाची झाली. अमरावतीच्या चांगल्या घरातला मुलगा ठरला. लग्न अकोल्यात, आमच्या दारी. भांड्यांची चौकशी केली, तर सगळ्यांनी एकच दुकान सांगितलं. मी गेलो. भली मोठी पाटी होती: 'सप्रेम बिछायत केंद्र.' आत छतापर्यंत गंज रचलेले, आणि प्रत्येक गंजावर, प्रत्येक परातीवर, प्रत्येक गुंडावर, 'श्री. मनोहर इंगोले, अमरावती, यांजकडून सप्रेम भेट'!

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. गादीवरून एक भारदस्त माणूस उठला आणि थेट माझ्या पायांवर पडला. तो पुंडलिक होता!

"काका! तुमी सांगतलं तसंच केलं जी. ध्येय मोठं ठेवलं. आता तेल्हाऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत लग्न कोनाचंबी असो, वरन आपल्याच गंजात शिजते!"

"पन हे... नव्या भांड्यायवरबी माहं नाव?"

"तुमच्या नावाचा पायगुन हाय जी! म्हून नवे भांडे घेतले का थेच नाव ठोकतो. इकडच्या लोकायले मायीत हाय, इंगोले म्हंजे भाड्याचा गंज."

काय वाटलं ते सांगतो. आधी आनंद झाला. माझं ध्येय अकोल्याकडून तरी शब्दशः पुरं झालं होतं! मग लक्षात आलं, की ते पुरं होताना मी कुठंच नव्हतो. पुंडलिकनं भाडं घ्यायला साफ नकार दिला. "तुमाले भाडं? जीभ झडन माही!" नव्या-जुन्यातली उत्तम भांडी निवडून त्यानं स्वतः आमच्या दारात आणून उतरवली.

आता माणूस एकदा पोळला, की ताकही फुंकून पितो. वरपक्ष अमरावतीचा, त्यांना इंगोले म्हणजे भाड्याचा गंज हे ठाऊक नाही, आणि भांड्यांवर नाव कुणाचं, तर खुद्द वधूपित्याचं! आदल्या दिवशी मी घमेलंभर कणीक भिजवली आणि प्रत्येक भांड्यावरच्या नावावर हातानं लिंपून टाकली. आता वाचा म्हणावं!

"हे काय करून राह्यले?" कुसुमनं विचारलं.

"धंद्याचं संरक्षन."

"कोनाच्या?" ती म्हणाली.

लग्नात मी जिलेबी खाल्ली नाही. टेकलो नाही. डोळे भांड्यांवर. अंतरपाट धरला तेव्हाही माझं अर्धं लक्ष चुलीकडे होतं. (भटजींनी मला दोनदा सांगितलं, की मुलीकडे पहा.) सगळं नीट पार पडलं. निरोपाची वेळ आली. आणि मुलाची एक आत्या, कामसू बाई, उठून गंजाजवळ गेली.

"अवो, हे एकाच जागी कनीक कायची लावली सगळ्या भांड्यायले?"

तिनं नखानं कणीक खरवडली. चुलीच्या धगीनं ती वाळून पापडी झाली होती, झटक्यात निघाली. आत्याबाई बारकाईनं वाकल्या आणि वाचू लागल्या. यासुद्धा मोठ्यानंच वाचत होत्या! 'श्री. मनोहर इंगोले, अमरावती...'

"अवो बाई!" त्या ओरडल्या. "व्याह्यायनं इतलं आंदण देल्लं आन् नाव झाकून ठेवलं! काय हा माणूस! आजकाल लोक वाटी देतेत आन् वाजंत्री लावतेत!"

या खेपेला मी गप्प बसलो नाही. मी पुढं झालो आणि स्पष्ट म्हणालो, "अवो, हे भांडे माहे नाईत! भाड्याचे होत!"

सगळा वरपक्ष हसला. व्याही माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "किती लाजता जी? नाव तुमचं, गाव तुमचं, आन् म्हन्ता माहे नाईत!"

"पुंडलिकले इचारा!" मी ओरडलो. "पुंडलिक, सांग! हे भांडे कोनाचे होत?"

पुंडलिक पुढं आला. तो बिचारा खोटं कधी बोललेला नव्हता. "माहे होत," तो म्हणाला.

"तुहे कसे?" व्याह्यांनी विचारलं.

"मले ह्याच काकायनं देल्ले, माह्या लग्नात. वळख ना पाळख, आन् अख्खं आंदण देल्लं!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पुंडलिकला आपण काय बोलून बसलो ते कळेपर्यंत पोरांनी भांडी चढवायला सुरुवात केली होती. कणीक खरवडत, नाव वाचत, गंजामागून गंज. मी मंगलाकडे पाहिलं. ती सासूच्या शेजारी उभी होती आणि सासूनं तिचा हात हातात घेतला होता. मला गुलाबराव मास्तर आठवले. मी हात जोडले आणि म्हणालो, "गरिबाची भेट गोड मानून घ्या."

अमरावतीची भांडी अमरावतीला परत गेली. तीच भांडी मी दुसऱ्यांदा घालवली!

मंडप रिकामा झाल्यावर पुंडलिक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, माह्या काई ध्यानात नाई येऊन राह्यलं. तुमी हे कावून केलं?"

मी काही बोलायच्या आत कुसुम पुढं आली. इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन होती. तिनं चुलीजवळ उभं राहून त्याला सगळं सांगितलं. दौलत कासार, तिवशाची जिलेबी, पाटल्या, टोपी, सगळं! पुंडलिक विझलेल्या चुलीच्या दगडावर बसला. पहिल्यांदा त्याला हसू आलं. मग हसता हसता तो थांबला आणि कुसुमच्या हातांकडे बघत राहिला. सुमन त्याच्यामागं उभी होती. ती म्हणाली, "काकानं माह्यासाठी सोसलं जी." कुसुम म्हणाली, "काकायनं नाई. म्या."

आठ दिवसांनी दोघं नवरा-बायको आमच्याकडे आली. सुमननं कुसुमपुढं सोन्याच्या पाटल्या ठेवल्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या हातात चढवल्या. कुसुम आधी नाही म्हणाली, मग रडली, मग तिनं सगळ्यांना शिरा केला. मीही रडलो. वजनाचं मी विचारणार होतो, पण कुसुमनं ओळखून माझ्याकडे पाहिलं, म्हणून राहिलं.

दिवाळसणाला मंगला आणि जावईबापू आले. जेवणं झाली, पान झालं. जावईबापू जरा पुढं सरकून बसले.

"मामाजी, घरात इतले मोठे भांडे नुसते पडून हायेत. म्या म्हन्लं, नोकरी सोडावी आन् अमरावतीले भाड्याचा धंदा टाकावा. नावबी आयतंच ठोकेल हाय! तुमचं काय म्हननं?"

माझ्या अंगावर तोच जुना काटा आला! अकोल्याकडून पुंडलिक होता, अमरावतीकडून आता जावई. ज्या ध्येयासाठी मी जन्म घेतला, ते दोन्ही टोकांनी पुरं होत होतं. एकाच भांडवलावर मी दोन उद्योजक उभे केले होते. फक्त त्यांतला मी एकही नव्हतो.

"ध्येय मोठं ठेवा, जावईबापू!" मी म्हणालो.

"हो जी. पन थोडं भांडवल कमी पडून राह्यलं."

मी सवयीनं कुसुमच्या हातांकडे पाहिलं.

तिनं दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले आणि म्हणाली, "इकडे कायले पाह्यता? ह्या भाड्यानं आनल्या हायेत!"